माणिकरावांचा हितसंबंध

माणिकराव वाघमारे आमच्याकडे पोहे खातात, पण पोहे कसे झालेत ते सांगत नाहीत. माझ्या बायकोने पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "वैनी, त्याच्यावर मला मत देता येणार न्हाई. परवा तुमच्याकडून वाटीभर साखर नेली, ती अजून वापस केली न्हाई. हितसंबंध हाय." मग बशी उचलून उरलेले पोहे संपवले आणि आणखी मागून घेतले. पोहे बिघडले होते की काय, या विचारात बायकोचे दोन दिवस गेले.

नांदेडात आमची घरं लागून आहेत. भिंत एक, गॅलऱ्या दोन. भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजता मोजता माणिकराव रिटायर झाले. अंगात बंडी, कमरेला चौकड्याची लुंगी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांच्या पत्नी धुरपताबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी लातूरला दिलेली. ती बोलावते, हे आठ दिवसांच्या वर तिथे टिकत नाहीत. सकाळी गॅलरीतून "जय भीम, सर" अशी हाक आली की समजावं, माणिकराव लॅपटॉप उघडून बसले.

हितसंबंध हा शब्द बाकीचे लोक भांडताना वापरतात. माणिकराव तो स्वतःवर वापरतात. एकदा कॉलनीतल्या बायकांनी त्यांना रांगोळी स्पर्धेचे परीक्षक केलं. पहिल्या घरापाशी ते म्हणाले, "हे घर सोडा, ह्या ताईनं मला ताप आला तवा खिचडी दिल्ती." दुसऱ्या घरचा जावई त्यांच्या खात्यात होता. तिसऱ्या घराशी त्यांचं नळावरून भांडण झालं होतं, म्हणून तेही बाद. असं करत करत एकच घर उरलं. ते लोक आदल्याच आठवड्यात राहायला आले होते आणि त्यांनी रांगोळीच काढली नव्हती. त्या वर्षी बक्षिसाची स्टीलची बादली कुणालाच मिळाली नाही.

दुसरा किस्सा याहून वाईट. त्यांच्या चुलतभावाच्या मुलाला स्थळ आलं. मुलीकडचे लोक चौकशीला माणिकरावांकडे आले. हे म्हणाले, "पोरगा माझ्या भावकीतला हाय. म्हणून मी चांगलं सांगितलं तर ते धरू नका. वाईट तेवढं धरा." आणि तीन-चार गोष्टी सांगितल्या. सोयरीक तिथेच मोडली. चुलतभाऊ अजून यांच्याशी बोलत नाही. मी म्हणालो, "अहो, गप्प बसायचं होतं." तर म्हणाले, "गप्प बसलो असतो तर लोकांनी चांगलंच धरलं असतं की."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. नवीन होते तेव्हा कंधारकडच्या एका गावात बांधाचं भांडण मोजायला त्यांना पाठवलं. वादातला एक जण नेमका त्यांचा साडू. त्यांनी साहेबाला सांगून पाहिलं, पण साहेबाकडे दुसरा माणूस नव्हता. गेले, साखळी टाकली, मोजलं.

"बोटाचा बी फरक नव्हता, सर," ते अजूनही सांगतात. "पण समोरच्यानं इचारलं, मोजणारा कोण? तर ह्यांचा साडू. झालं. माप खरं व्हतं, पण माझ्या हातचं व्हतं म्हणून खोटं पडलं."

तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. साखळी आपल्या बांधावर टाकायची न्हाई.

रिटायर झाल्यावर मुलीने त्यांना लॅपटॉप दिला आणि त्यांना आपलं खातं सापडलं. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहू शकतं, कुणीही दुसऱ्याचं दुरुस्त करू शकतं. त्याच्या मराठी आवृत्तीत माणिकराव गेली कित्येक वर्षं रोज लिहितात. मुदखेडच्या रेल्वे जंक्शनवर त्यांनी लिहिलं, कंधारच्या किल्ल्यावर लिहिलं, ज्वारीच्या वाणांवर, गोगलगायींवर, जपानमधल्या कुठल्याशा ज्वालामुखीवरही लिहिलं. फक्त देगलूर तालुक्यातल्या स्वतःच्या गावाच्या लेखाला कधी हात लावला नाही. तो लेख चार ओळींचा आहे.

"मग तुम्हाला गावाबद्दल काही माहीत असेल तर?" मी एकदा विचारलं.

"त्याची रीत हाय, सर. प्रत्येक लेखाच्या मागं एक चर्चापान असतं. ज्याचा हितसंबंध हाय त्यानं लेखात हात घालायचा न्हाई. मागच्या पानावर विनंती लिवायची, आधार जोडायचा, आपलं नातं काय ते सांगायचं. मग दुसरं कुणीतरी येतं, तपासतं, बरोबर असलं तर लेखात घालतं."

"आणि हे दुसरं कुणीतरी म्हणजे कोण?"

माणिकरावांनी चष्मा पुसला. "मराठीत बहुतेक टायमाला मीच. दुसऱ्याच्या विनंत्यांला मीच उत्तर देऊन राहिलो. तुम्ही या ना, सर. मराठीचे प्राध्यापक तुम्ही. रोज एक विनंती बघितली तरी लई होईल."

मी "बघू" म्हणालो. मी प्राध्यापक आहे, दोन कवितासंग्रहांचा कवी आहे. दुसऱ्यांच्या गावांच्या विनंत्या तपासायला मला वेळ कुठला?

एवढं सांगून झालं. आता जे सांगायचं आहे ते सांगायला जीभ रेटत नाही, पण माणिकरावांची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही.

लातूरला एक साहित्य संमेलन होतं. कविसंमेलनात मला बोलावलं होतं. संयोजकांपैकी एकाचा फोन आला, "सर, नेटवर तुमचं नाव टाकलं तर काहीच येत नाही हो. परिचय काय छापायचा?" त्याने सहज म्हटलं असेल. मला ते लागलं. त्याच संध्याकाळी मी त्या ज्ञानकोशात 'वाचकमित्र' या नावाने खातं काढलं आणि स्वतःवर लेख लिहिला.

मला शब्द सुचत नाहीत असं कधी होत नाही. 'मराठवाड्याच्या मातीतला अस्सल आवाज', असं मी माझ्याबद्दल लिहिलं. 'टीकाकारांच्या मते त्यांची कविता वाचकाला अंतर्मुख करते', असंही लिहिलं. टीकाकार मीच. आधार म्हणून आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाचा दाखला दिला, त्याचा संपादकही मीच. दुसरा आधार माझ्याच पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर. तो एका मित्राच्या नावावर आहे, पण लिहिलेला कुणी हे आता सांगायला नको. गच्चीवर उभा राहून क्षितिजाकडे बघतानाचा एक फोटोही चढवला. झोपताना मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव लॅपटॉप घेऊनच आले.

"सर, तुमच्यावर कुणीतरी लेख लिवलाय."

"असं?" मी म्हणालो. "कुणी?"

"वाचकमित्र म्हणून सदस्य हाय. माणूस जवळचा दिसतो. तुमचे धाव्वीचे मार्क बी माहीत हायेत त्याला."

मी चहाच्या कपात तोंड घातलं. माणिकरावांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"ह्या लेखाचं काय करायचं ते मला ठरवता येणार न्हाई, सर. त्या फोटोत माझी लुंगी हाय."

मी बघितलं. खरंच होती. क्षितिज आणि मी यांच्या मधोमध दोरीवर त्यांची चौकड्याची लुंगी वाळत होती. लेखाच्या मागच्या पानावर त्यांनी आधीच नोंद करून टाकली होती: 'लेख विषयाशी निकट संबंध असलेल्या व्यक्तीने लिहिला असावा. छायाचित्रातील पार्श्वभूमीचे वस्त्र माझे असल्याने मी निर्णयात भाग घेणार नाही. इतरांनी पाहावे.'

इतरांनी पाहिलं. कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या एका कारभारी सदस्याने तिथे विचारलं, ही व्यक्ती लेख लिहिण्याएवढी उल्लेखनीय आहे का? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आणखी दोन खाती काढली. 'कविताप्रेमी' आणि 'मराठवाडाभूषण'. दोघांनीही तिथे जाऊन माझ्या कवितेची बाजू मांडली. मराठवाडाभूषण जरा तापटच निघाला, त्याने त्या कारभाऱ्याला प्रादेशिक अन्यायाबद्दल चार शब्द सुनावले. वाचकमित्राने दोघांचे आभार मानले. हे सगळं वीस मिनिटांत झालं.

मला माहीत नव्हतं ते हे, की कोणतं खातं कुठल्या जोडणीवरून चालतं हे त्या लोकांना तपासता येतं. त्यांनी तपासलं. तिन्ही खाती एकाच घरच्या वायफायवरची निघाली. आणि त्याच वायफायवर चौथं खातं निघालं, सगळ्यांत जुनं. माणिकरावांचं.

वायफाय माझं होतं. दोन वर्षांपूर्वी, धुरपताबाई गेल्यानंतर, त्यांना गॅलरीत नेट मिळत नव्हतं म्हणून मीच पासवर्ड दिला होता. पासवर्ड म्हणजे माझ्या पहिल्या कवितासंग्रहाचं नाव. तेव्हा ते म्हणाले होते, "आता तुमच्या वायफायवर बसणार म्हटल्यावर तुमच्या पुस्तकांवर मला कधी लिवता यायचं न्हाई बरं का." मी हसलो होतो.

निकाल लागला तो असा: चारही खाती बंद. सगळ्यांत जुनं खातं ज्याचं, तो सूत्रधार. लुंगीची ती नोंद म्हणजे, निकालात म्हटल्याप्रमाणे, 'दिशाभूल करण्याचा चतुर प्रयत्न'. जो माणूस पोह्यांवर मत देत नाही, त्याच्यावर तीन खोटी माणसं उभी केल्याचा ठपका आला.

हे वाचून मला आधी काय वाटलं ते लिहितो. सुटल्यासारखं वाटलं. लेख काढून टाकला होता, पण वाचकमित्र म्हणजे मी, हे तिथे कुणालाच कळलं नव्हतं. मी उघड सांगितलं असतं तर माणिकराव त्याच दिवशी सुटले असते. चार ओळी लिहायच्या होत्या. पण संमेलन दहा दिवसांवर होतं आणि कुणी वाचलं तर काय, या भीतीने मी गप्प बसलो. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, पण पुरेशी नाही.

माणिकराव गॅलरीत बसत. लॅपटॉप मिटलेला, वर चष्म्याची डबी.

"चौकशी बरोबर केली त्यांनी," ते म्हणाले. "पुरावा तसाच दिसतो. मी तपासणारा असतो तर मी बी हेच लिवलं असतं."

"अहो, पण तुम्ही सांगायचं ना, तुम्ही नाही म्हणून."

"सांगायचं म्हटलं तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागतं, सर." आणि ते कुंडीतल्या तुळशीची वाळकी पानं खुडायला लागले.

म्हणजे त्यांना सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी लातूरला गेलो. फेटा बांधला, कविता म्हटली. लेख काढून टाकला जाण्याआधीच निवेदकाने त्यातला मजकूर उतरवून ठेवला होता. त्याने तो माईकवरून वाचला. 'टीकाकारांच्या मते त्यांची कविता वाचकाला अंतर्मुख करते.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी मान डोलावली आणि मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण फेट्यासकट आत जावं. शाल-नारळ घेऊन मी एसटीत बसलो. रस्ताभर त्या नारळाकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबुलीजबाब लिहायला बसलो. माणिकराव आणि मी दोन वेगळी माणसं आहोत हे पटवायला त्यांचं जुनं लिखाण दाखवावं म्हणून मी त्यांच्या नोंदींची यादी काढली. हजारो नोंदी. खाली खाली जाताना त्यांच्या गावाच्या लेखाचं चर्चापान लागलं. तिथे सात वर्षांपूर्वीची एक विनंती होती.

'या लेखात गावातील शिलालेख एका प्राध्यापकांनी शोधल्याचे लिहिले आहे. तत्पूर्वी, पुलाच्या कामासाठी तो दगड फोडायला माणसे आली असता गावातील एका महिलेने दगडावर बसून तो फोडू दिला नाही. त्यांचे नाव धुरपताबाई माणिकराव वाघमारे. आधार: वर्तमानपत्राचे कात्रण जोडले आहे. हितसंबंध: सदर महिला माझी पत्नी असल्याने मी स्वतः बदल करू शकत नाही. कृपया कोणीतरी तपासून, योग्य वाटल्यास एक ओळ घालावी. सदर महिला हयात असून कोणी गावी आल्यास दगड कोठे होता ते स्वतः दाखवतील.'

सात वर्षं त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. इतरांच्या विनंत्यांना उत्तर देणारा माणूसच ही विनंती करत होता, मग देणार कोण?

आता मात्र उत्तर आलं होतं. खाती बंद झाली त्याच दिवशीचं. 'फेटाळली. विनंती करणारे खाते बनावट खात्यांच्या जाळ्यातील आहे. आधार विश्वासार्ह धरता येत नाही. सदर महिला खरोखर अस्तित्वात आहे का, याचीही खात्री नाही.'

धुरपताबाईंना मी सहा वर्षं रोज बघत होतो. गच्चीवर सांडगे घालायच्या. औषधाची पट्टी घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "सर, बगा बरं, काय लिवलंय ह्याच्यावर?" मी वाचून दाखवायचो. त्या दगडाबद्दल मी कधी विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे विचारण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.

मी माझ्या खऱ्या नावाने सगळं लिहिलं. कॉलेजचं नाव, खात्यांची नावं, वायफायची हकिगत. दोन दिवसांत माणिकरावांचं खातं मोकळं झालं, माझी तिन्ही कायमची बंद झाली. मग मी त्यांच्या गॅलरीत गेलो आणि माफी मागितली. नीट जमली नाही. मी वाक्याच्या मधेच अडकलो. त्यांनी मला बसायला खुर्ची सरकवली.

"वहिनींनी तो दगड वाचवला, हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही," मी म्हणालो.

"आमच्या वस्तीचा धुण्याचा घाट येगळा व्हता. तिथला दगड तो. त्याच्यामुळं गावात बाकी कुणाला ठावं नव्हतं त्याच्यावर अक्षरं हायेत म्हणून. ही त्याच्यावरच धुणं धुवायची." त्यांनी लॅपटॉप उघडला. "फोडायला आले तवा दोपारभर उठलीच न्हाई. म्हणली, मला वाचता येत न्हाई, पण कुणीतरी तकलीफ घेऊन लिवलंय. त्याला इचारल्याबिगर कसं फोडता?"

"माझी बायको आज खातं काढेल," मी म्हणालो. "ती घालेल ती ओळ. पाच मिनिटांचं काम आहे."

"न्हाई, सर. तुम्ही शेजारी." त्यांनी हात हलवला. "अनोळखी माणूस पायजे. त्याला मी माहीत न्हाई, ही माहीत न्हाई, आन् तरी त्याला वाटलं पायजे की ही बाई ह्यात आली पायजे. मी घातली तर ती माझी बायको म्हणून येईल. तशी तर ती घरात हायच की."

फेटाळलेली विनंती पुन्हा उघडता येत नाही, नवी करावी लागते. नव्या तारखेने, रांगेत सगळ्यांत खाली. माणिकरावांनी जुना मजकूर उचलून नव्या जागी ठेवला आणि मला वाचून बघायला सांगितलं. मी वाचत होतो, ते दोन बोटांनी सावकाश खाली सरकवत होते. शेवटच्या वाक्यापाशी ते थांबले. सदर महिला हयात असून कोणी गावी आल्यास दगड कोठे होता ते स्वतः दाखवतील. मग एकेक अक्षर मागे घेत ते वाक्य पुसायला लागले. पूर्ण वाक्य एकदम निवडून पुसता येतं हे त्यांना माहीत होतं, मी कितीदा बघितलं आहे.

"बाकी बरोबर हाय का, सर?" त्यांनी विचारलं.

मी बरोबर आहे म्हणालो.